कावळ्याचा कोपरा

“मळ्यात कोण गेलं होतं?”

आप्पांनी हे जेवता जेवता विचारलं. भाकरी मोडत, खाली बघत, आवाज न चढवता. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले की आमच्या घरात कुणी घाबरत नाही, दारातलं कुत्रंसुद्धा उठत नाही. हळू बोलले की मात्र तेच कुत्रं उठून बाहेर जातं.

“कोण जाणार?” काकू म्हणाल्या. “वेलीला तुमी जाता, खुडाय रत्ना जाती, झाडाय मी जाते.” रत्ना म्हणजे माझी आई.

“तसं न्हवं. जायचं नसताना कोण गेलं होतं?”

माझा घास हातातच राहिला. कारण गेले होते मी.

आमचा पानमळा मिरजेच्या पूर्वेला आहे आणि घर त्याच्या अंगालाच. खायची पानं, विड्याची. शेवरी आणि शेवग्याच्या झाडांवर वेली चढवलेल्या, वर हिरवं छत, खाली अरुंद गल्ल्या. भर मे महिन्यात आत गेलं तरी माठात शिरल्यासारखं वाटतं. पण आत जायचं म्हणजे नियम. चपला बाहेर. आंघोळ झालेली पाहिजे. थुंकायचं नाही. आणि बाईला कावळा शिवला असेल तर तिनं त्या दिवसांत आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर वेल मान टाकते, असं आमच्याकडे सगळे म्हणतात, म्हणजे तेव्हा म्हणायचे.

त्या दिवसांत घरच्या बायका जिथे बसतात त्याचं नाव कावळ्याचा कोपरा. मळ्याच्या मावळतीला, शेवटच्या ओळीच्या मागे चार पत्र्यांची खोपी, एक घागर, एक धुण्याचा दगड. लहानपणी मला वाटायचं तिथे खरंच कावळे राहतात. मी त्यांच्यासाठी भाकरीचा तुकडा नेऊन ठेवायची. तुकडा रोज नाहीसा व्हायचा, त्यामुळे माझी खात्रीच पटलेली. आठवीत गेल्यावर कळलं की कावळा म्हणजे कोण, आणि भाकरी काकू खायच्या.

तर त्या आठवीच्याच वर्षी, माझी दुसरी की तिसरी खेप असेल, मी कोपऱ्यात भूगोल उघडून बसले होते. शेवटच्या ओळीच्या फटीतून बघते तर आमची पाडी दावं तोडून मळ्यात शिरलेली. पाटाच्या कडेच्या गल्लीत उभी राहून ती कोवळे शेंडे असे ओढत होती की जणू तिच्यासाठीच लावलेत. मी हाका मारल्या. आप्पा गावात, काकू देवळात, आई विहिरीवर, आणि बाबा पानाचे डाग, म्हणजे भरलेल्या करंड्या, घेऊन कोकणात गेलेले, ते महिने महिने तिकडेच असत. पाडीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा शेंडा तोंडात घेतला.

मी पळाले. आत. सबंध गल्लीभर तिच्या मागे. हाकलून बाहेर काढली, दावं बांधलं, पाय धुतले आणि परत येऊन भूगोल उघडला. महाराष्ट्रातल्या नद्या डोळ्यांसमोर होत्या, पण एकही वाचता येईना.

पंधरवड्यानं त्याच गल्लीतल्या वेली पिवळ्या पडायला लागल्या.

“मर लागलीया,” आप्पा ताटाकडे बघत म्हणाले. “पाटाच्या गल्लीनं. सरळ रेघ वढल्यावानी. मुळाशी काळं, बुळबुळीत, हात लावला की वेल हातात येती. असं उगं हुत न्हाई.”

काकूंनी बोटांवर हिशेब केला. “माझ्याकडं बघू नका. माझा कावळा कवाच उडाला.”

मग उरलो आई आणि मी. काकूंची नजर आईवरून माझ्याकडे सरकायला लागली. मला तोंड उघडायचं होतं, देवाशप्पथ उघडायचं होतं, पण मी हातातला घास तोंडात कोंबला.

“मी गेले होते,” आई म्हणाली.

काकूंनी पळी आमटीत सोडून दिली.

आप्पा आईशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाची बायको, म्हणून काकूंच्या मार्फत बोलायचे, आई हातभर अंतरावर बसलेली असली तरी. ते पाणी प्यायले आणि काकूंना म्हणाले, “तिला सांग, उद्यापास्नं मळ्यात यायचं न्हाई. खुडाय गावातनं बाया आणतो.”

“रत्ना, उद्यापास्नं मळ्यात यायचं न्हाई म्हणत्यात,” काकू म्हणाल्या.

“ऐकलं अक्का,” आई म्हणाली, आणि माझ्या ताटात आमटी वाढली.

आई जतकडची. तिच्या माहेरी प्यायला पाणी पुरत नाही, पानमळा कुठला. लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्यांदा मळा बघितला आणि म्हणे दुपारभर बाहेरच आली नाही. वेल शेवरीला बांधायची तर आईनंच. लव्हाळ्याची गाठ अशी मारते की वेलीला आधारही मिळतो आणि गळाही आवळत नाही. आप्पासुद्धा म्हणायचे, अर्थात काकूंना, की तिच्या हाताला वेल ऐकते.

आणि आता तिला मळा बंद. माझ्यामुळे.

भांडी घासताना मी विचारलं, “तू का खोटं बोललीस?”

“तुझ्या पायाला त्या दिवशी पाटाचा गाळ होता. घोट्यापर्यंत धुतलास, वर न्हाई.”

“मग सांगायचं होतंस की मी गेले म्हणून.”

“मी जतची. लग्न होऊन आल्यापास्नं दूध नासलं तरी माझंच नाव घेत्यात. त्यात आणि एक.” तिनं तव्यावर राख टाकली. “पाडीला हाकललं नसतंस तर किती खाल्लं असतं तिनं?”

“निम्मा मळा.”

“मग झालं तर.”

पण झालं नव्हतं. आप्पांनी सगळ्या मळ्यात गोमूत्र शिंपडलं. मग औषधाच्या दुकानातून निळ्या पुड्या आणल्या. दुकानदारानं सांगितलेलं, ही बुरशी आहे, बुरशी मारायची तर मुळाशी औषधाच्या पाण्याची आळवणी घालायची. तशी आळवणी आप्पा आधीपासूनच घालत होते, आता दुप्पट घातली. गल्ल्यांतली माती निळसर दिसायला लागली. वेलींना जोर यावा म्हणून युरिया आणि पातळ शेणकाला सोडला. काकू तर रोज पहाटे मळा झाडायच्या. पडलेलं पान दिसलं की उचल, शेवरीचा पाला दिसला की उचल, बांधावर ढीग कर आणि जाळ. पूर्वी एवढं झाडत नसत. पण काकू एकदा माहेरच्या नात्यातल्या कुणाचा तरी लख्ख मळा बघून आल्या आणि तेव्हापासून त्यांचं ठरलं, आपलाही मळा देव्हाऱ्यासारखा पाहिजे. खरंच तसा झाला होता. गल्लीत सांडलेला भात वेचून खाल्ला असता कुणीही.

आणि त्या स्वच्छ गल्ल्यांत वेली मरत होत्या. पाटाची गल्ली संपली, शेजारची धरली. मी शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी कुंपणातून बघायची. सकाळी हिरवं होतं ते संध्याकाळी लोंबायचं. मला स्वप्नात माझ्याच पावलांचे ठसे दिसायचे, आणि प्रत्येक ठशातून पिवळं काहीतरी पसरत चाललेलं असायचं. वर्गात मी हात वर करणं सोडून दिलं, आणि मी हात वर करत नाही म्हटल्यावर बाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता.

एक दिवस आप्पा ओसरीवर बसून म्हणाले, “अवसेनंतर मळा मोडायचा. ऊस लावू. उसाला सोवळं लागत न्हाई.”

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि आईकडे बघितलं नाही. न बघण्याची पण एक पद्धत असते, काकूंना ती चांगली येते. मला एकदम पुढचं सगळं दिसलं. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत, कुठेही आई गेली की कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगणार, हिच्यामुळं मगदुमांचा मळा मोडला. जन्मभर.

तशात माझी कोपऱ्यात बसायची वेळ आली.

आई मला जुन्या सुती लुगड्याचे तुकडे द्यायची. आमच्या वस्तीवर घंटागाडी येत नाही, दुकानातलं टाकणार कुठे. सुती तुकडा वापरून झाला की कोपऱ्यातच पुरायचा. आई सांगायची, या खेपेला दगडाच्या उजवीकडे, पुढच्या खेपेला डावीकडे. मी गोंधळले आणि पाडी शिरली त्या वेळच्या, अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्याच जागी उकरलं. खाली तेव्हाचे तुकडे असायला हवे होते. नव्हते. मी आणखी उकरलं. एक नायलॉनचा दोरा निघाला, लुगड्याच्या काठाचा. बाकी काही नाही. नुसती काळी, भुसभुशीत माती, तिच्यात कापसाच्या धाग्यासारखे पांढरे तंतू, आणि ओल्या लाकडासारखा वास.

कुत्र्यानं उकरून नेलं, माझ्या मनात आलं. उकरून नेलं आणि मळ्यात टाकलं.

आई पाणी घेऊन आली तेव्हा मी रडायच्या बेतात होते. “आई, गं, तुकडे न्हाईत. कुत्र्यानं मळ्यात नेलं असतील. आता सगळाच मळा जाणार.”

आईनं खड्ड्यात बघितलं आणि चक्क हसली. कितीतरी दिवसांनी. “कुत्रं कशाला नेतंय. मातीनं खाल्लं.”

“माती खाती?”

“हितली खाती. मी आले तवापास्नं बघते. पुरलं की दोन-अडीच म्हैन्यात काय बी उरत न्हाई. लई भुकेली जागा हाय ही.” तिनं घागर ठेवली आणि शेवटच्या ओळीतल्या एका वेलीचा लोंबणारा शेंडा सवयीनं शेवरीला टेकवला. मग हात मागे घेतला. तिला मळा बंद होता. ही ओळ मळ्यात धरायची की कोपऱ्यात, हे कधी कुणी ठरवलंच नव्हतं.

त्या ओळीची पानं काळीभोर होती, तळहाताएवढी. मला ते बघून बरं वाटलं नाही. मला वाटलं, हिची पाळी अजून यायचीय एवढंच.

अवसेच्या आधी आप्पांनी मेलेल्या वेली उपटायला सुरुवात केली. शनिवारची सकाळची शाळा संपवून मी आले तर पाटाच्या गल्लीच्या तोंडाशी आप्पा आणि काकू खाली वाकून काहीतरी बघत होते. मळा नव्यानं लावला तेव्हा आप्पांनी पहिल्या वेलीच्या बुडाशी पूजेची पुरचुंडी पुरली होती. मांजरपाटाचा तुकडा, आत तांदूळ आणि सुपारी. वेल उपटताना ती वर आली होती. काकूंनी ती हौदावर नेऊन धुतली आणि उन्हात धरली. कापड जसंच्या तसं. गाठसुद्धा सुटलेली नाही.

“बगा,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज भरून आला. “एवढं इपरीत झालं, पण देवाचं काय बी कुजलं न्हाई. सोवळ्यातलं सोवळ्यात ऱ्हायलं.”

आप्पांनी पुरचुंडी कपाळाला लावली.

मी तिथेच उभी. डोक्यात काहीतरी खटकत होतं, चपलेत खडा अडकल्यासारखं. मग आठवलं. आमच्या चौगुले मॅडम विज्ञान शिकवतात आणि शाळेची परसबाग बघतात. त्यांनी पावसाळ्याच्या आधी आमच्याकडून बागेत सुती रुमाल पुरून घेतले होते आणि नंतर उकरायला लावले होते. पोरांनी फाटके रुमाल एकमेकांच्या डोक्यावर घातले, मॅडम ओरडल्या, आणि त्या गोंधळात त्या एक वाक्य बोलल्या होत्या. माती जिवंत असली की कापड खाते. कापड धड निघालं तर समजायचं, खाणारं खाली कुणी राहिलेलं नाही.

सोमवारी मी जेवणाचे दोन डबे घेऊन शाळेत गेले. एकात पाटाच्या गल्लीतली माती, दुसऱ्यात कोपऱ्यातली. मैत्रिणीनं भाजी समजून उघडला, ते जाऊ दे.

मॅडमनी दोन्ही माती पाण्यात ढवळून काचपट्टीवर घेतली. सूक्ष्मदर्शकात आधी गल्लीतली दाखवली. बारीक ठिपके वळवळत होते, नुसते ठिपके. मग कोपऱ्यातली. तिथेही ठिपके होते, पण त्यांच्यामधून धागे गेलेले. फाटे फुटलेले, एकमेकांत गुंतलेले. आईच्या गाठींसारखे.

“ठिपके म्हणजे जिवाणू. धागे म्हणजे बुरशी,” मॅडम म्हणाल्या. “जमिनीला दोन्ही लागतात. वेल वर्षानुवर्षं झाडाखाली राहणारी, तिला बुरशीचं पारडं जरा जड लागतं. धागे लांबून तिला अन्नपाणी आणून देतात, आणि मुळाला कुजवणाऱ्यांना जवळ येऊ देत नाहीत. ही पहिली माती कुठली?”

“मळ्यातली.”

“काय काय घालता?”

मी सांगितलं. निळं औषध, युरिया, शेणकाला, झाडणं, पाला जाळणं. मॅडम ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

“मला शंभर टक्के सांगता येणार नाही, कस्तुरी. मी शाळेतली शिक्षिका आहे. पण धाग्यांचं अन्न म्हणजे पालापाचोळा, काटक्या. ते जाळलं. वर औषध ओतलं. उरले ते जिवाणू, त्यांना युरिया आणि शेणकाला मिळाला. मर आणणारी बुरशी वेगळी, ती पाण्याबरोबर येते, तिला मोकळं रान. पाटापासून सुरू झालं असेल बघ.”

पाटापासून. मी जिथून पळाले तिथून नव्हे, पाणी जिथून येतं तिथून. मी पाटाच्या कडेनं पळाले होते एवढंच.

मला आनंदानं उडी मारावीशी वाटायला हवी होती. पण मॅडमनी विचारलं, “आणि ही दुसरी माती?” आणि माझ्या लक्षात आलं की हे आप्पांना सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागणार आहे. घरात तो शब्दसुद्धा कुणी काढत नाही, म्हणून तर कावळा.

घरी येईपर्यंत मी सायकलवर बसून वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्य त्या तुकड्यांपाशी येऊन अडकायचं. त्यांना वगळून बघितलं, तर सांगण्यासारखं काही उरतच नव्हतं.

आप्पा मळ्याच्या तोंडाशी कोयत्याला धार लावत बसले होते. काकू शेजारी. आई लांब, गोठ्याच्या दारात.

“आप्पा, मळा मोडू नका.”

“का गं?”

“त्यो औषधानं मेलाय.”

कोयता थांबला. “औषधानं? बुरशी लागलीया बुरशी. दुकानदार म्हणाला, बुरशी मार.”

“मारली की. दोन्ही मारल्या. वाईट होती ती पाण्यातनं परत आली. चांगली होती ती आली न्हाई.”

“बुरशीत कसली आलीया चांगली? भाकरीवर आली तर टाकतीस की.”

“कोपऱ्यातल्या मातीत हाय. तिथली ओळ बगा, एक पान पिवळं न्हाई.”

“कुठला कोपरा?”

काकू म्हणाल्या, “कस्तुरे, घरात जा.”

“कावळ्याचा,” मी म्हणाले. कानापर्यंत तापले होते, पण आता थांबले असते तर परत कधी जमलं नसतं. “तुमची पुरचुंडी लावणीपास्नं खाली होती आणि गाठ सुटली न्हाई. तिथं पुरलेलं कापड दोन-तीन म्हैन्यात संपतं. मी उकरून बघितलंय.”

“कापड? कसलं कापड?”

मी गोठ्यातल्या पाडीकडे बघितलं.

“माझं,” मी म्हणाले. “कावळा शिवल्यावरचं.”

आप्पांनी मान खाली घातली. काकूंनी तोंडावर पदर घेतला. गोठ्याच्या दारातून आई दोन पावलं पुढे आली.

“आणि आई मळ्यात गेली न्हवती. मी गेले होते. पाडी शिरली होती आत, घरात कोण न्हवतं. मी तिथनं बघितलं आणि पळाले.” मी शेवटच्या ओळीकडे हात केला. “आणि विटाळानंच वेल मरत असती, तर सगळ्यात आधी ती शेवटची ओळ मेली असती. तिथं तर सगळ्या बायका बसल्यात. आई, काकू, तुमची आई, तिची सासू.”

आप्पांनी कोयता खाली ठेवला. मग आप्पा उठले. मळ्याच्या आत पाय न ठेवता बाहेरच्या बांधानं चालायला लागले. त्या बांधावर बाभळीचे काटे असतात, म्हणून चपला घातल्या. आम्ही तिघी मागे.

शेवटच्या ओळीच्या टोकाशी ते थांबले. याच्या पुढे घरातला पुरुष माणूस कधी गेला नव्हता. आप्पा साठीला आले होते आणि स्वतःच्या रानातला हा तुकडा त्यांनी बघितला नव्हता. त्यांनी पत्र्यांकडे बघितलं, घागरीकडे, धुण्याच्या दगडाकडे. मग ओळीकडे. खालपासून शेंड्यापर्यंत.

“हितं आळवणी कोण घालतं?”

“कोण न्हाई,” मी म्हणाले. “तुमी येत न्हाई.”

“आन झाडतं कोण?”

“मी कशाला झाडू हितं,” काकू पटकन म्हणाल्या, “इटाळाची जागा ही.” आणि बोलल्या आणि गप्प झाल्या. स्वतःचंच वाक्य त्यांनी परत ऐकल्यासारखं दिसलं.

आप्पांनी चपला काढल्या.

एक काढली, मग दुसरी. बांधावर शेजारी शेजारी नीट ठेवल्या, मळ्यात जाताना ठेवतात तशा. अनवाणी आत आले आणि उकिडवे बसले. पाचोळा बाजूला केला, बोटं मातीत घातली. बोटं सहज आत गेली. मूठभर माती उचलून त्यांनी हुंगली, डोळ्यांजवळ नेली.

“हे पांढरं?”

“तीच. बुरशी.”

ते तसेच बसून राहिले, मूठ उघडी ठेवून. मग मान न वळवता, काकूंचं नाव न घेता म्हणाले, “धाकटे, नव्या लावणीला या ओळीचं बेणं काढायचं झालं तर कुठनं काढायचं?”

आई दचकली. आधी तिनं काकूंकडे बघितलं, सवयीनं. काकू दुसरीकडे बघत होत्या.

“वरनं, आप्पा,” आई म्हणाली. “शेंड्याकडनं. मी दाखवते.”

सगळा मळा काही वाचला नाही. निम्म्याहून जास्त मोडावा लागला. उरलेल्याला आळवणी बंद केली, शेवरी छाटून पाला तिथेच खाली पसरला. कोपऱ्यातली माती पाटीत भरून आप्पांनी स्वतः नेली आणि प्रत्येक नव्या बेण्याच्या बुडाशी ओंजळ ओंजळ घातली. काकू पहिले काही दिवस खराटा घेऊन मळ्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि पाचोळा बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी त्यांनी अंगण दोनदा झाडायला सुरुवात केली. गावातले लोक बघायला आले आणि विचारायला लागले, माती कुठली घातली म्हणून, तर काकू म्हणायच्या, “घरचीच हाय,” आणि विषय बदलायच्या.

दोन वर्षं झाली. आता मी दहावीत आहे. आजचा आमचा मळा त्या शेवटच्या ओळीच्या पोटचा आहे, पण नियम मोडला असं घरात कुणी म्हणालेलं नाही. कोपरा आहे, खोपी आहे, मीही त्या दिवसांत तिथे बसते. तिथे अभ्यास बरा होतो आणि कुणी कामं सांगत नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी कोपऱ्यात बीजगणित घेऊन बसले होते. त्या पाडीची आता गाय झालीय आणि तिला तिच्यासारखंच हावरं वासरू झालंय. ते दावं सोडवून मळ्यात शिरलं. पलीकडच्या टोकाला आप्पा शेवग्यावर चढून शेंगा काढत होते. त्यांनी वरूनच बघितलं.

“कस्तुरे,” त्यांची हाक आली, “वासरू शिरलंय बग. हाकल त्याला.”

मी उठले आणि ओळीपाशी थांबले. “आप्पा, मी कोपऱ्यात बसलीया.”

एक शेंग खाली पडली.

“मग जवळच हाईस की,” आप्पा म्हणाले. “पळ.”